गॅलरीच्या खोलीतली दहा सूर्यघड्याळं

४ नोव्हेंबर
सकाळी ९.१२ (सूर्याप्रमाणे). ९.४६ (भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे).

आजपासून रोजनिशी. ज्याच्याकडे संग्रह असतो त्याने नोंदी ठेवायच्या असतात, असं पितळशेठ म्हणाला. पितळशेठ म्हणजे जुन्या बाजारातला दुकानदार. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही, त्यालाही आठवत असेल की नाही शंका आहे. वही सूनबाईने दिली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, तिथली फुकट डायरी. दर महिन्याला एका अवयवाचं रंगीत चित्र. नोव्हेंबरला यकृत आलं आहे. त्याच्याकडे न बघता लिहितो.

संग्रहाची आजची स्थिती: सूर्यघड्याळं आठ. पैकी जुनी आठ. शिवाय सूर्यघड्याळाच्या आकाराच्या शोभेच्या वस्तू. चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या पाच (सहावी हॉस्टेलला गेलेल्या नातीने चावली होती, लहान असताना). पेपरवेट एक. टेबललॅम्प एक. लॅम्पच्या तबकडीवर त्याच्याच दिव्याची सावली पडते, त्यामुळे तिथे दिवसरात्र साडेचार वाजलेले असतात. दुरुस्त करता येईल.

हे सगळं गॅलरीच्या खोलीत आहे. घरात ऊन येणारी ती एकच खोली. खोलीत पलंग आहे, पण पलंगावर घड्याळं आहेत.

मी सातवी पास. चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होतो. हजार माणूस माझ्या घड्याळाने आत गेलं आणि बाहेर आलं. त्यामुळे वेळ हा विषय मला कोणी शिकवायची गरज नाही.

निश्चय: १. रोज लिहिणे. २. वर्षअखेरपर्यंत नवीन घड्याळ घेणे नाही. ३. घरात वाद घालणे नाही.

५ नोव्हेंबर
दुपारी.

दोन घड्याळं घेतली. निश्चय क्रमांक दोन उद्यापासून.

पहिलं अप्रतिम आहे. पितळी, झगझगीत, वर एक मोर. सावली मोराच्या मानेची पडते. त्याच्या बदल्यात घरातला जुना स्टोव्ह दिला. स्टोव्ह वापरात नव्हता असं माझं मत. हिचं मत वेगळं निघालं. अहो, गॅस संपला की मी काय मोरावर चहा करू, असं म्हणाली. निश्चय क्रमांक तीनप्रमाणे गप्प बसलो.

दुसरं पितळशेठने वर टाकलं. काळी पडलेली तबकडी, ताटलीएवढी, मध्ये उभी तिरपी पट्टी. त्या पट्टीला शंकू म्हणतात, तिचीच सावली वेळ दाखवते. कडेला काहीतरी कोरलंय, वाचता येत नाही. मोर नाही, काही नाही. घेऊन जा हो, इथे मांजर त्यात दूध पितं, असं म्हणाला. संग्रहात एखादी कुरूप वस्तू असलेली बरी, बाकीच्या उठून दिसतात.

७ नोव्हेंबर
वेळ: ढगाळ.

वाईट बातमी. विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, स्वतःच्या घराच्या पायरीवरून पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता दोन महिने इथे राहायला येणार. डॉक्टरांनी सांगितलंय, रोज उन्हात बसवा, उन्हात चालवा, नाहीतर हाड रडत बसेल आणि बाईही.

जेवताना सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. चिरंजीव म्हणाला, बाबा, गॅलरीची खोली.

मी शांतपणे समजावलं की सूर्यघड्याळ उत्तरेला धरून बसवलेलं असतं. एकेक बसवायला मला तीन-तीन दिवस लागलेत. संग्रह हलवला की उत्तर हलते. ही म्हणाली, तुमची उत्तर तुम्ही हॉलमध्ये ठेवा. हॉलमध्ये ऊनच नाही, मी म्हटलं. तेच तर म्हणतोय आम्ही, चिरंजीव म्हणाला.

ताट तसंच ठेवून उठलो. मग परत बसलो, अर्धी पोळी राहिली होती.

८ नोव्हेंबर
सकाळी ८.५० / ९.२४.

तोडगा निघाला. मुत्सद्दीपणात मी कमी नाही.

मी म्हटलं, हा ठेवा आहे, भंगार नव्हे. चिरंजीव म्हणाला, ठीक आहे बाबा, शहरातल्या संग्रहालयातून जाणकार बोलवू. एक वस्तू जरी खरी जुनी निघाली तरी खोली तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. एकही नाही निघाली तर खोली आईंची. आई म्हणजे त्याची सासू. स्वतःच्या सासूला आई म्हणतो आणि वडिलांना पैजेला बसवतो.

मी हो म्हटलं. दहापैकी एक. हे म्हणजे गेटवर उभं राहून एखादा तरी कामगार वेळेवर येईल का अशी पैज लावण्यासारखं आहे. म्हणजे तसं कठीणच, पण येतोच एखादा.

चिरंजीवाने फोन केला. संग्रहालयाच्या बाई ६ डिसेंबरला येणार. तोवर विहीणबाई हॉलमध्ये, सोफ्यावर. सूनबाईने सोफ्याची मापं घेतली.

११ नोव्हेंबर

विहीणबाई आल्या. वॉकर, दोन पिशव्या, एक उशी. मी दारात उभा होतो. म्हणाल्या, व्याहीबुवा, तुमच्या घराला उंबरा नाही ते बरं केलंत. मी म्हटलं, बिल्डरने केलंय. बिल्डरलाच सांगते मग, म्हणाल्या.

त्यांना संग्रह दाखवला. दारातूनच बघितला, कारण आत वॉकर मावत नाही. पलंगावरचा मोर बघून म्हणाल्या, छान आहे, झोपतो कुठे हा? मग खिडकीतून पलंगावर पडलेल्या उन्हाकडे जरा वेळ बघत राहिल्या. त्यांना सूर्यघड्याळांत रस आहे असं दिसतं.

१४ नोव्हेंबर
वेळ: खाली पाहावी.

मोठा धक्का. आज बरोबर अकरा वाजता, भिंतीवरच्या घड्याळाच्या अकरा वाजता, सगळ्या दहा तबकड्या एकामागोमाग वाचल्या. ९.५०, १०.२०, १०.२०, ११.४०, ८.००, १०.०५, ११.१५, मोर १.३०. नवव्याची सावली तबकडीबाहेर जमिनीवर. त्या काळ्या कुरूपावर ९.३५.

दहा घड्याळं, दहा थापा. गेटवर असते तर दहाही जणांना साहेबांपुढे उभं केलं असतं. ६ डिसेंबरला जाणकार बाई येणार आणि असं बघणार. छातीत धडधडलं. हिला सांगितलं तर म्हणाली, चहा कमी करा.

१५ नोव्हेंबर
सकाळी ९ च्या सुमारास. नक्की कोणाला विचारणार.

समोरच्या फ्लॅटमध्ये मास्तर राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे, रिटायर झाले तरी बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं धरतात. त्यांना विचारलं. तासभर सांगत होते. पृथ्वी, अक्षांश, संत्रं. त्यांच्या हातातलं संत्रं शेवटी त्यांनीच खाल्लं.

मला समजलं ते इतकं: जेवढा गावाचा अक्षांश तेवढा शंकूचा कोन. उत्तरेच्या थंड मुलखात शंकू उभा पाहिजे, आपल्याकडे आडवा. माझे सगळे वाटेल तसे आहेत. काळ्याचा तर फारच उभा.

पुढे ते रेषांबद्दलही काहीतरी सांगत होते, पण मुद्दा हातात आल्यावर मी उठलो. अर्ध्या भाषणात उठायचं नसतं, असं ते मागून म्हणाले. मास्तरांचं हे असंच.

म्हणजे माझी घड्याळं खोटी नाहीत. चुकीच्या कोनात उभी आहेत. कोन सरळ करायचा की संपलं.

१७ नोव्हेंबर

कोपऱ्यावर ग्रिल बनवणारा वेल्डर आहे. त्याच्याकडे दोन पिशव्या भरून गेलो. मास्तरांकडून कोनाचा आकडा लिहून आणला होता, पुठ्ठ्याचा साचाही कापून नेला. वेल्डर म्हणाला, आजोबा, हे कापायचं? नक्की? जुनं वाटतंय हे काळं. मी म्हटलं, जुनंच आहे, म्हणून तर चुकीचं आहे. तू काप.

तो म्हणाला, तुमची वस्तू, माझी कटर.

सहा झाली. बाकीची परवा. मोराची मान कापावी लागली, पण कोन बरोबर आला. मोर आता खाली वाकून काहीतरी शोधतोय असा दिसतो. एकंदरीत जिवंतपणा आला.

१९ नोव्हेंबर
वेळ: थोडा ढग, थोडं ऊन, म्हणजे काहीही.

दहाही झाली. काळ्याचा रंग मात्र काही बघवेना. पितळशेठकडून भांडी लखलखीत करायचं अ‍ॅसिड आणलं. गॅलरीच्या खोलीत बसून दोन तास घासलं. काय सोन्यासारखं निघालं. कडेला कोरलेली अक्षरं होती तीही जवळजवळ गेली, म्हणजे किती मळ होता बघा.

हात जळजळतायत. ही म्हणाली, आयुष्यात एकदा तरी एखादं भांडं असं घासलं असतंत. मी म्हटलं, भांडं वेळ दाखवत नाही. ती म्हणाली, दाखवतं, किती जण जेवले ते दाखवतं.

निश्चय क्रमांक तीन.

२३ नोव्हेंबर

हॉलमध्ये सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून फळीएवढं ऊन येतं. वीस मिनिटं. आधी फ्रिजपाशी, मग बूट ठेवायच्या रॅकपाशी, मग जातं. विहीणबाई वॉकर घेऊन त्याच्यामागे सरकतात. फ्रिजपाशी स्टूल, मग रॅकपाशी स्टूल. स्टूल सूनबाई हलवते, मग लॅबला जाते. आज सूनबाई घाईत होती, तर स्टूल मी हलवलं. एवढ्याशा गोष्टीचा गाजावाजा करू नये, पण मदत ही मदत असते.

त्या म्हणाल्या, व्याहीबुवा, तुमच्या घरातलं ऊन फार कामसू आहे, एका जागी बसत नाही.

मी विषय बदलला. खोली देणं माझ्या हातात असतं तर कालच दिली असती. पण पैज ही पैज. शब्द मोडणं माझ्या रक्तात नाही.

२७ नोव्हेंबर

काल डॉक्टरांकडे नेलं होतं. हाड हवं तसं भरत नाही. ऊन, ऊन आणि ऊन, असं डॉक्टर म्हणाले. सूनबाई आल्यावर बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी होती.

मी प्रस्ताव मांडला. विहीणबाईंनी रोज दहा ते अकरा गॅलरीच्या खोलीत बसावं, दारालगत, स्टुलावर. माझी हरकत नाही. फक्त कशाला धक्का लावू नये आणि सावलीत यायचं नाही, म्हणजे त्यांची सावली तबकड्यांवर पडू नये.

मग विहीणबाईच म्हणाल्या, मी इथेच बरी, मला सावली घरी ठेवून येता येत नाही.

प्रस्ताव मी दिला होता ही नोंद राहू दे.

१ डिसेंबर

डिसेंबरचा अवयव: हृदय.

पाच दिवस राहिले. सराव सुरू. बाई आल्या की कुठे उभं राहायचं, आधी काय दाखवायचं. आधी मोर. शेवटी लॅम्प. भाषण तयार केलंय: नमस्कार, माझा संग्रह लहान आहे पण अचूक आहे.

अचूकपणाचं अजून थोडं राहिलंय. कोन एक केला तरी दहा घड्याळं दहाच वेळा दाखवतात. दुपारी बारा वाजता मात्र सगळी जुळतात, म्हणजे साधारण. बाईंना बाराला बोलवायला सांगितलं.

५ डिसेंबर

झोप नाही. उद्या ढग आले तर?

६ डिसेंबर
दुपारी १२.००. ऊन. सगळी घड्याळं जुळत आहेत.

बाई आल्या. वयाने सूनबाईएवढ्या, हातात पातळ मोजे, डोळ्याला लावायचं भिंग, एक छोटी बॅटरी. भाषणाचं नमस्कार एवढंच झालं. त्या सरळ पलंगाकडे गेल्या.

मोर उचलला, उलटा केला, ठेवला. नवीन आहे, बागेत ठेवायची शोभेची वस्तू, म्हणाल्या. दुसरं, नवीन. तिसरं, नवीन, आणि हे खरं तर राखदाणी आहे. चौथं, पाचवं. चिरंजीव दारात हाताची घडी घालून उभा होता. नववंही नवीन. लॅम्प त्यांनी बघितलाच नाही.

मग ते काळं, म्हणजे आता लखलखीत, हातात घेतलं. भिंग लावलं. बराच वेळ. कडेवरून बोट फिरवलं. मग खिडकीपाशी नेलं. मला विचारलं, हे कुठून आलं? मी म्हटलं, मांजर त्यात दूध प्यायचं.

त्या म्हणाल्या, हे अडीचशे वर्षांचं आहे.

मी चिरंजीवाकडे बघितलं. आयुष्यात इतक्या शांतपणे मी कोणाकडे बघितलेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, होतं. हा शंकू कोणी कापला?

मी कौतुकाची वाट बघत म्हटलं, मीच, आपल्या गावाच्या कोनात. त्या खाली बसल्या. पलंगावर, मोराच्या शेजारी. काका, म्हणाल्या, हे दूरच्या थंड मुलखात बनलेलं आहे. तबकडीवरच्या तासांच्या रेषा तिथल्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. शंकू इथला आणि रेषा तिथल्या असं नाही चालत. आता हे घड्याळ पृथ्वीवर कुठेच बरोबर वेळ दाखवणार नाही.

मी विचारलं, मग कोन सुधारायचा तरी कसा असतो?

त्या म्हणाल्या, खाली एका बाजूला लाकडाची पाचर सरकवायची. पूर्ण घड्याळ तिरपं होतं, काही कापावं लागत नाही.

चिरंजीव आत पाणी आणायला गेला. तहान कोणालाच लागली नव्हती.

६ डिसेंबर, पुन्हा
संध्याकाळ.

शांतपणे विचार केला. पैजेचे शब्द काय होते? एक वस्तू जरी खरी जुनी निघाली. निघाली. त्यानंतर तिचं काय झालं हा वेगळा प्रश्न. खोली माझी.

शिवाय बाईंनी ती वस्तू संग्रहालयासाठी मागून घेतली. सोबत पावती दिली. त्यांना ती मुलांना शिकवायला हवी आहे, असं म्हणाल्या. माझ्या वस्तूवरून आता लोक शिकणार. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच होतंय.

जेवताना सगळ्यांना सांगितलं. चिरंजीव म्हणाला, बाबा, शब्द दिलाय मी, खोली तुमची. आमटी वाढ, असं हिला म्हणाला. सूनबाई उठून गेली. विहीणबाई म्हणाल्या, अभिनंदन व्याहीबुवा, अडीचशे वर्षं म्हणजे काही कमी नाही, माझा खुबा पासष्टचाच आहे.

९ डिसेंबर
सकाळी ९.३० / ९.५५ / १०.१० / मोर २.००.

जिंकलो आहे तरी जेवण जात नाही. अ‍ॅसिडिटी असणार. विहीणबाई रात्री कण्हतात, हॉलमधून ऐकू येतं. सोफा आखूड आहे. मी चिरंजीवाला सांगितलं, चांगला मोठा सोफा घेऊ या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पंखा बंद करायला गेलो. पंखा बंदच होता.

१४ डिसेंबर

आज सगळे संग्रहालयात. माझी वस्तू लावली आहे असा बाईंचा फोन आला होता. मी टॅक्सी बोलावली. विहीणबाईंना म्हटलं, तुम्ही राहू द्या, दगदग होईल. म्हणाल्या, वा, एवढा व्याही संग्रहालयात लागला आणि मी घरी बसू?

गडबडीत चष्मा घरी राहिला.

मुख्य दालनात नव्हती. बाजूच्या बोळातून गेलं की एक लांब खोली आहे, तिथे दहा-बारा मुलंमुली टेबलांवर वाकून जुन्या वस्तू पुसायला शिकत होती. माझी वस्तू दाराशीच, उघड्या टेबलावर. काच नाही, दोरी नाही, कोणीही हात लावावा अशी. मला ते आवडलं. लोकांचा ठेवा लोकांच्या हातात.

शेजारी पाटी होती. चष्म्याशिवाय मला नुसत्या मुंग्या दिसल्या. सूनबाईला म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचेना. चिरंजीव बुटाची लेस बांधायला वाकला. त्याच्या बुटाला लेस नसते.

मग विहीणबाई वॉकर सरकवत पुढे आल्या. वाकल्या आणि मोठ्या खणखणीत आवाजात वाचलं. दुर्मीळ सूर्यघड्याळ. एका जाणकार संग्राहकाने दिलेलं. संग्रहालय त्यांचं आभारी आहे.

एक मुलगी काम थांबवून आमच्याकडे बघायला लागली. ही एकदम म्हणाली, चला, उशीर होतोय.

परत येताना टॅक्सीत सगळे आपापल्या खिडकीबाहेर बघत होते. मलाही भरून आलं होतं.

१५ डिसेंबर

चष्मा घेऊन बसने पुन्हा गेलो. एकटाच. पाटीवरचा मजकूर उतरवून घेतला. घराण्यासाठी.

पाटीवर असं आहे:

अयोग्य दुरुस्तीचा नमुना. मूळ शंकू कापून वेल्डिंग केलेले. पृष्ठभाग अ‍ॅसिडने घासल्यामुळे लेख नष्ट. हाताळण्यास हरकत नाही.

तीनदा वाचली. कालच्या त्या मुलीने विचारलं, आजोबा, काही हवंय का? मी म्हटलं, नाही, बघतोय. ती म्हणाली, हे पहिल्या दिवशी दाखवतात आम्हाला. मी म्हटलं, चांगलं आहे, पहिल्याच दिवशी दाखवलेलं चांगलं.

परतीच्या बसमध्ये दोन स्टॉप पुढे गेलो. चालत आलो. हॉलमध्ये विहीणबाई बुटांच्या रॅकपाशी स्टुलावर होत्या. ऊन कधीच गेलं होतं. म्हणाल्या, कुठे होतात व्याहीबुवा, चहा थंड झाला तुमचा.

पाटीबद्दल मी काही बोललो नाही. त्याही नाहीत.

१६ डिसेंबर

निश्चय: खोली रिकामी करणे. उद्याच. कोणी सांगितलं म्हणून नाही. पैज मी जिंकलेली आहे, पण मोठ्या मनाने सोडतो. संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून जाहीर करीन. चार वाक्यं तयार केली आहेत.

१७ डिसेंबर

वर्तमानपत्रं पुरेशी नव्हती. गुंडाळल्याशिवाय पितळ ठेवता येत नाही. उद्या.

खरं म्हणजे पितळ तसंही ठेवता आलं असतं. चार वाक्यांची आता दोन झाली आहेत, तीही घशाशी येऊन परत जातात. एवढ्याशा वाक्याला काय भ्यायचं. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिल्या, स्वतःची बोलून दाखवायची सवय नाही.

१८ डिसेंबर

पितळशेठकडून रद्दी आणली. तो म्हणाला, एक हत्तीवरचं आलंय, बघून जा. बघितलं. घेतलं नाही. फक्त बघण्यात अर्धा दिवस गेला. तीन घड्याळं गुंडाळून झाली. वाक्य एकच राहिलं आहे: विहीणबाई, खोली तुमची. उद्या नक्की. आज सूनबाई फोनवर होती, मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

१९ डिसेंबर
सकाळ. स्वच्छ ऊन.

पहाटेपासून बसून सगळं गुंडाळलं. मोर, राखदाणी, चकत्या, लॅम्प. चार खोकी. पलंग झाडला, धुतलेली चादर घातली, उशी उन्हात ठेवली. चादर मी घातली हे हिला खरं वाटेना. साडेनऊला सगळं तयार. हॉलमध्ये आलो, वाक्य तोंडात तयार.

विहीणबाईंच्या पिशव्या दारापाशी होत्या. दोन्ही. त्यांची धाकटी मुलगी न्यायला आली होती. कालचा फोन तिचाच होता. तिच्याकडे वरच्या मजल्यावर गच्ची आहे, लिफ्टही आहे. चिरंजीवाला माहीत होतं, सूनबाईला माहीत होतं, हिला माहीत होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. ही म्हणाली, तुम्ही खोकी बांधत होतात, मला वाटलं हत्तीला जागा करताय.

मी विहीणबाईंना म्हटलं, खोली तयार आहे. आत्ताच केली. त्यांनी वॉकर वळवला, हळूहळू गॅलरीच्या खोलीच्या दारापर्यंत आल्या. रिकाम्या पलंगाकडे बघितलं. पलंगभर ऊन होतं. म्हणाल्या, अरे वा, केवढी मोठी आहे की खोली. मग म्हणाल्या, राहू द्या व्याहीबुवा, खाली गाडी उभी आहे.

वॉकर आता आत सहज मावत होता. तो आत घेऊन त्यांनी एकदा पलंगावर हात टेकवला आणि निघाल्या.

२० डिसेंबर

दिवसभर खोलीत बसलो. खूप ऊन येतं. एवढं येतं हे माहीत नव्हतं, इतके दिवस मी सावलीच बघत होतो. अकरा वाजता डोळे दिपायला लागले म्हणून हॉलमध्ये जाऊन सोफ्यावर पडलो. पाय बाहेर राहतात. सव्वा महिना त्या कशा झोपल्या असतील ते बघावं म्हणून तासभर तसाच पडलो. कमरेत उसण भरली.

२२ डिसेंबर

हिंमत करून विहीणबाईंना फोन केला. म्हटलं, परत या, खोली तशीच ठेवली आहे. त्या म्हणाल्या, अहो इथे गच्चीत खुर्ची टाकून दिलीय मला, ऊन एवढं की डोक्यावर छत्री घेऊन बसते. काल दहा पावलं वॉकरशिवाय चालले. मी म्हटलं, छान. मग मी म्हटलं, ती पाटी मी वाचली. मग म्हणाल्या, माझ्या चष्म्याचा नंबर फार वाढलाय हल्ली, काहीच्या बाही वाचते. तब्येतीला जपा.

फोन ठेवल्यावर हिने विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, बऱ्या आहेत.

ही म्हणाली, मग त्या खोलीत दोरी बांधून द्या, कपडे तरी वाळतील. मी स्टुलावर चढलो, स्टूल हिने धरलं. एक टोक खिळ्याला, दुसरं खिडकीच्या गजाला. खाली उतरून बघितलं तर दोरी चांगली हातभर तिरपी. ही म्हणाली, चालेल, असू दे.

तशीच ठेवली. कपडे सगळे एका बाजूला घसरून जमतात, पण वाळतात.